ऐकू येतं, पण बोलता येतं का?

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत हर्णैच्या बऱ्याच बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात. इंजिनं उघडली जातात, जाळी दुरुस्तीला निघतात, लाकडाला तेल आणि रंग लागतो. या डागडुजीत केबिनमधल्या वायरलेसकडे सहसा कुणी बघत नाही, कारण तो चालू असतो. बटण फिरवलं की दिवा लागतो, दुसऱ्या बोटींचं बोलणं ऐकू येतं, म्हणजे सेट ठीक, असा सरळ हिशोब असतो. माझ्या मते सबंध बोटीवर याच्याइतका धोक्याचा गैरसमज दुसरा नाही. तो कसा, हे खालच्या संभाषणातून मी सांगेन त्यापेक्षा चांगलं कळेल.

बोलणारे दोघे मामा-भाचे आहेत. मामा व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस ही जागतिक संकटसंदेश यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि जहाजांवरचं ते पदच सरलं. तेव्हापासून ते दापोलीत बोटींचे सेट दुरुस्त करतात. भाच्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे, आणि घरचा ट्रॉलर आता तोच बघतो. दोघांमध्ये टेबलावर पडला आहे २५ वॅटचा एक जुना व्हीएचएफ सेट. त्याच्या हँडसेटची कुरळी केबल मानेपाशी फाटली आहे आणि त्यावर काळी टेप गुंडाळलेली आहे.

भाचा: मामा, खोलायच्या आधी एक विचारतो. या केबलपायी दिवस कशाला घालवायचा? सेट जुना झाला, स्क्रीन अर्धी पुसट. नवा घेतला तर बटणासरशी संकटसंदेश पाठवणारं डीएससी मिळतं, आत जीपीएस मिळतं, वर वॉरंटी.

मामा: घे की. आधी मला सांग, हा बिघडलाय हे कळलं कसं?

भाचा: तांडेल म्हणाला, हाक मारली तरी कुणी उत्तर देत नाही. आधी त्याला वाटलं, समोरचे मुद्दाम देत नाहीत.

मामा: असं कधीपासून वाटत होतं त्याला?

भाचा: हंगाम संपता संपता.

मामा: म्हणजे हंगाम संपता संपता तुझी बोट मुकी फिरत होती आणि बोटीवर एकालाही ते ठाऊक नव्हतं. सेट साफ मेला असता तर कुणीतरी बोंब मारली असती. हा ऐकत होता, म्हणून सगळे निर्धास्त. ऐकायचा मार्ग अँटेनाकडून स्पीकरकडे जातो, त्यात या केबलचा काही संबंध नाही. बोलायचा मार्ग मात्र पूर्ण या केबलीतून जातो. ती तुटली तरी सेट दिवसभर बडबडत राहील.

भाचा: मान्य. पण म्हणूनच म्हणतो, अशा सेटवर भरवसा ठेवायचा कशाला?

मामा: नव्या सेटलाही अशीच केबल येते. तीही तशीच ओढली जाणार. आज ही का तुटली ते बघितलं नाहीस, तर नव्याचीही तीच गत होईल.

इथे मामांनी सेट १२ व्होल्टच्या सप्लायला जोडला, अँटेनाच्या जागी डमी लोड लावला आणि हँडसेट भाच्याच्या हातात दिला. डमी लोडबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. अँटेना किंवा तिच्या जागी योग्य भार नसताना बटण दाबलं, तर बाहेर जायची ताकद उलटी फिरते आणि शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर जळू शकतो. केबल दुरुस्त करायला बसलेल्या माणसाच्या हातून सेटच जायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

मामा: बटण दाब. काय दिसतं?

भाचा: टीएक्सची खूण येते. म्हणजे ट्रान्समिट होतंय.

मामा: आता बोल. माझ्या हातातल्या वॉकीवर तोच चॅनल लावलाय. काय ऐकू येतं?

भाचा: काहीच नाही. नुसती शांतता. खरखरसुद्धा थांबली.

मामा: खरखर थांबली म्हणजे कॅरिअर येतोय. लहर येतेय, तिच्यावर आवाज नाही. बटणाची वायर शाबूत आहे, आवाजाची तुटली. उलट असतं, तर खूण आलीच नसती. आता मानेपाशी केबल थोडी वाकव आणि बोलत राहा.

भाचा: आला! ...गेला. परत आला.

मामा: हे तुटणं सगळ्यात वाईट. बंदरात हँडसेट हुकावर सरळ लटकलेला असतो, तेव्हा वायरीची टोकं टेकतात आणि चाचणी पास होते. दर्यात तांडेल तोच हँडसेट ओढून दाराकडे जातो, आणि नेमकं तेव्हा सुटतं.

या लक्षणांची उजळणी मला महत्त्वाची वाटते, कारण ती तपासायला मेकॅनिक लागत नाही. बटण दाबूनही टीएक्सची खूण येत नसेल, तर बटणाची किंवा तिची परतीची वायर गेली, नाहीतर बटणच. खूण येते पण आवाज जात नाही, तर माइकची वायर. १ वॅटवर आवाज स्वच्छ आणि २५ वॅटवर गुरगुर किंवा शिट्टी येत असेल, तर माइकच्या वायरीभोवतीची तांब्याची जाळी तुटली आहे आणि सेटची स्वतःचीच लहर माइकच्या वायरीत शिरते आहे. आणि कुणी बटण दाबलेलं नसताना खूण आली, तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. हे शेवटचं लक्षण फक्त आपल्या बोटीपुरतं राहत नाही.

भाचा: चिकटल्या तर काय, बॅटरी उतरेल.

मामा: बॅटरीचं सोड. तुझा सेट चॅनल १६ वर आहे, १५६.८ मेगाहर्ट्झवर, आणि आपोआप ट्रान्समिट करतोय. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुबळ्याला गिळून टाकतो. पलीकडे कुणाच्या बोटीत पाणी शिरलंय, तो हातातल्या ५ वॅटच्या वॉकीवरून ओरडतोय, आणि जवळपासच्या सगळ्या सेटांवर तुझ्या इंजिनाची घरघर चाललीय. आणि तुला हे कळणार नाही, कारण ट्रान्समिट करताना तुझा सेट ऐकतच नाही. नव्या बऱ्याच सेटांत पाच मिनिटांनी ट्रान्समिशन आपोआप तोडायची सोय असते. जुन्यांत असेलच असं नाही. तू म्हणशील, हाही नव्याच्या बाजूचा मुद्दा. आहे. मी नाही म्हणत नाही.

मामांच्या टेबलामागच्या भिंतीवर जहाजाच्या रेडिओरूममधलं घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर तीन-तीन मिनिटांचे चार पट्टे रंगवलेले आहेत. पंधरा आणि पंचेचाळीस मिनिटांपासूनचे लाल, तास आणि अर्ध्या तासापासूनचे हिरवे. मामांच्या नोकरीच्या काळात लाल पट्ट्यात ५०० किलोहर्ट्झवर आणि हिरव्यात २१८२ किलोहर्ट्झवर सगळ्या जहाजांनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं, कुणाची क्षीण हाक येते का ते. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला अडकलेलं बटण का सोसत नाही, हे ते घड्याळ बघितलं की समजतं.

भाचा: ठीक आहे. मग तुटलेला तुकडा कापतो, वायरी पिळतो, टेप मारतो. अर्ध्या तासाचं काम.

मामा: तेच काम आधी कुणीतरी केलंय. ही टेप काढ.

टेप निघताना डिंकासारखा काळा चिकटा बोटांना लागला. आतलं आवरण चिरलेलं होतं. मामांनी ते ब्लेडनं उभं फाडलं आणि मानेपासून चांगलं वीतभर उघडं केलं. तुटलेल्या जागी तांबं हिरवं होतं. त्याच्या पुढे, जिथे केबल बाहेरून धडधाकट दिसत होती, तिथेही वायरी काळ्या पडलेल्या होत्या. भाच्यानं एक वायर नखानं घासली तर भुकटी निघाली.

भाचा: एवढ्या आत पाणी गेलं कसं? इथे तर चीर नाही.

मामा: बारीक तारांच्या मधल्या फटीतून खारं पाणी आपोआप वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. चीर एकाच जागी असली तरी गंज केबलभर पसरतो. म्हणून टेप मारून पाणी थांबत नाही, ते आत कोंडतं. नियम लक्षात ठेव. तुटणं अगदी टोकाला असेल आणि कापल्यावर आतलं तांबं लख्ख पिवळसर-लाल दिसलं, तर तेवढा तुकडा टाकून उरलेली केबल परत जोडायला हरकत नाही. काळं किंवा हिरवं दिसलं, तर पूर्ण केबल बदलायची. आणि मधोमध जोड कधीच द्यायचा नाही.

भाचा: मधोमध का नाही? नीट सोल्डर करून, हीट श्रिंक लावून?

मामा: केबल कुरळी असते ती ताणून परत येण्यासाठी. जोडाची जागा ताठ होते, मग प्रत्येक वेळी ताण त्या ताठ जागेच्या काठावर येतो आणि ती तिथेच तुटते. शिवाय माइकच्या वायरीवरची जाळी तू जोडणार कशी? पिळून नुसती टेकवलीस तर १ वॅटवर चालेल आणि २५ वर शिट्टी मारेल.

मधल्या जोडाबाबत मामांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मिळणाऱ्या केबलीत मात्र कुठली घ्यायची, यावर दोघांचा बराच वाद झाला. भाच्याकडे जुन्या टेलिफोनची कुरळी वायर होती, चार कोरची. मोजायला चार वायरी पुरत होत्या: माइक, बटण, आणि दोन परतीच्या. पण टेलिफोनच्या वायरीत जाळी नसते. आणि तिच्यात बऱ्याचदा सुताच्या धाग्यावर गुंडाळलेली तांब्याची पातळ पट्टी असते. सोल्डरिंगच्या गरमीनं धागा जळतो आणि पट्टी टिकत नाही. मामांनी ती बाजूला ठेवली. पहिली पसंती त्याच मॉडेलच्या केबलीला. ती मिळत नसेल तर भंगारातल्या दुसऱ्या हँडसेटची चांगली केबल, पण कोर तेवढेच आणि माइकच्या कोरवर जाळी असलेलीच. बाहेरचं आवरण पॉलियुरेथेनचं असेल तर उत्तम. साधं पीव्हीसी केबिनच्या उन्हात आणि डिझेलच्या हातांत आधी चिकट होतं, मग कडक, मग चिरतं.

भाचा: रंग तरी जुळतात. लाल लालला, पांढरी पांढरीला.

मामा: रंग विसर. रंगांचा नियम कंपनी-कंपनीला वेगळा, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा असू शकतो. जुनी केबल सोडवायच्या आधी हँडसेटमधला आणि सेटमधला, दोन्हीकडचा फोटो काढ. मग वहीत लिही, कुठल्या ठिपक्यावरून कुठल्या पिनवर. बटणाच्या टोकापासून प्लगच्या कुठल्या पिनला मल्टिमीटर बीप करतो. तुटलेली वायर बीप देणार नाही, तेव्हा केबल हलवत हलवत शोध. ही वही नव्या केबलपेक्षा मोलाची आहे. या सेटमध्ये माइकच्या कॅप्सूलला थोडा व्होल्टेज सेटकडूनच जातो. ती वायर भलत्या जागी लागली तर कॅप्सूल जायचं.

भाच्यानं सप्लाय काढला, वही केली आणि जोडायला घेतलं. या कामातल्या दोन गोष्टी मी जवळून बघितल्या आणि त्या पुस्तकात सहसा नसतात. पहिली: वायरीच्या टोकाला सोल्डरचा पातळ हात देताना मामा त्याला पुन्हा पुन्हा थांबवत होते. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकला की वितळलेलं सोल्डर तारांमधून इन्सुलेशनच्या खाली चढतं आणि मऊ वायर तिथे काडीसारखी ताठ होते. बाहेरून सांधा सुरेख दिसतो, आणि पहिल्याच हंगामात त्या ताठ भागाच्या टोकाला तुटतो. दुसरी: भाच्यानं फ्लक्स म्हणून नवसागर पुढे केला, कल्हईवाल्याकडचा. मामांनी तो उचलून थेट शेल्फावर ठेवला. भांड्याला कल्हई लावताना तो ठीक. इथे त्याचा उरलेला अंश तांबं खातच राहतो. रोझिन असलेली सोल्डरची तारच वापरायची आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जागा पुसायची.

मामा: आता सगळ्यात महत्त्वाचं. केबल ओढ.

भाचा: आत्ताच जोडलीय.

मामा: म्हणूनच ओढ. ओढ कुठे येतेय ते बघ. आतल्या क्लॅम्पवर यायला हवी, वायरी थोड्या सैल राहायला हव्यात. तुझ्या वायरी ताणल्या जातायत. परत कर.

त्यानं परत केलं. मग रबरी सील खाचेत नीट बसवून हँडसेट बंद करायचा होता. भाच्यानं मानेपाशी सिलिकॉनची ट्यूब काढली. ती उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, आणि मामांनी तीही परत ठेवायला लावली. तो वास ॲसेटिक ॲसिडचा, वाळताना ते तांब्याला गंजवतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन मिळतं, ते चालतं. सील धड असेल तर तेही लागत नाही.

केबल झाली. मूळ वाद मात्र तसाच होता, आणि खरं सांगायचं तर भाच्याची बाजू इथून पुढे जास्त भक्कम होत गेली.

भाचा: मामा, काम पटलं. पण माझा प्रश्न अजून तिथंच आहे. डीएससीच्या सेटवर झाकणाखालचं लाल बटण असतं. ते सेटच्या अंगावर असतं, हँडसेटवर नाही. धरून ठेवलं की चॅनल ७० वरून आपला एमएमएसआय हा ओळख नंबर आणि जीपीएसची जागा आपोआप जाते. केबल तुटलेली असली तरी! तुम्ही जो धोका सांगताय, त्याच्यावरचा उपाय तोच आहे.

मामा: (थोडं थांबून) हे खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

भाचा: मग?

मामा: मग पुढचं बघ. तो संदेश डीएससी असलेल्या सेटालाच कळतो. तुझ्या शेजारी जाळं टाकून उभी असलेली बोट जुन्या सेटवर १६ ऐकत असेल, तर तिला तुझं लाल बटण कळणार नाही, तुझा आवाज कळेल. आणि डीएससी गेल्यावरही पुढचं बोलणं १६ वरच होतं. किती माणसं, काय झालंय, पाणी किती. ते याच केबलीतून जातं. आणखी एक. नवा सेट आणून नुसता ठोकला आणि एमएमएसआय टाकलाच नाही, तर ते लाल बटण कामाचं नाही. भारताचा नंबर ४१९ नं सुरू होतो, नऊ आकडी. तो रीतसर घेऊन सेटमध्ये भरलेल्या बोटी शोधायला जा.

भाचा: मी भरेन. शिवाय इस्रोनं केलेला डॅट हा संकटसंदेशाचा सेट आहे, दुसऱ्या पिढीचा तर बटण दाबल्यावर संदेश पोहोचल्याचं बोटीवर कळवतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन नंबर आहे. आज एका केबलीवर सगळं अवलंबून नाही.

मामा: १५५४ ला मोबाइलची रेंज लागते. डॅट उपग्रहातून किनाऱ्याला कळवतो, ते फार मोलाचं आहे, बोटीवर हवाच. पण किनाऱ्यावरून मदत निघून यायला वेळ लागतो. शेजारची बोट अर्ध्या तासात येते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा कोकणातल्या किती बोटी बाहेर अडकल्या होत्या, तुझ्या बाबांना विचार. अशा वेळी सगळ्यांना एकदम ऐकू जाणारं साधन व्हीएचएफच.

भाचा: तेही किती लांब? अँटेना केबिनवर, चार मीटर.

मामा: दोन्ही बोटींचे अँटेना चार-चार मीटरवर धरले तर साधारण १६ किलोमीटर, म्हणजे ९ सागरी मैलांच्या आसपास. समोरचा अँटेना १०० मीटरच्या डोंगरावर असेल तर ५० किलोमीटरच्या जवळपास. हा हिशोब उंचीचा आहे, वॅटचा नाही. म्हणून म्हणतो, नव्या सेटला पैसे घालशील तेव्हा थोडे अँटेनाच्या काठीलाही घाल.

चाचणी झाली ती अशी. आधी डमी लोडवर, १ वॅटवर, मग २५ वर. भाचा वॉकी घेऊन लांब रस्त्यावर गेला, कारण जवळ धरलेली वॉकी जोरदार सिग्नलनं बधिर होते आणि खोटा निकाल देते. मामा बोलत असताना केबल मुद्दाम ताणत, वाकवत, पिरगाळत होते. आवाज एकदाही तुटला नाही. पूर्ण पॉवरवर शिट्टी नाही. अँटेनावरची चाचणी बोटीवर सेट बसवल्यावर करायची ठरली, कामकाजाच्या चॅनलवर, १६ सोडून.

भाचा: सेट चांगला आहे, कबूल. तरी मी नवा घेणार.

मामा: घे. पण हा काढून टाकू नकोस. याला वेगळा अँटेना दे, जमलं तर वेगळी बॅटरी. नव्याची केबल तुटेल त्या दिवशी हा असेल.

भाचा: आणि नवा तांडेलाच्या हाताशी. हा मागे, बंकाच्या वर.

मामा: उलट कर. तांडेलाला या सेटची सवय आहे. घाबरलेल्या माणसाचा हात सवयीच्या जागी जातो.

भाचा: तोच हात लाल बटणावर जायला हवा, मामा. सवय लावता येते. बंदी उठेपर्यंत मी रोज लावेन.

या शेवटच्या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं नाही. मला भाच्याचं पटतं. केबल कितीही चांगली बसवली तरी ती झिजणारच, आणि जे बटण केबलीशिवाय चालतं ते तांडेलाच्या हाताशीच हवं. पण बाहेर पडताना जेटी सोडण्याआधी दोन्ही सेटांवरून शेजारच्या बोटीला हाक मारायची, हँडसेट ओढून धरून, आणि उत्तर ऐकू आल्याशिवाय निघायचं नाही, ही मामांची अट भाच्यानं वहीत पहिल्या पानावर लिहून घेतली. त्याखाली त्यानं स्वतः एक ओळ वाढवली: दोन्ही हँडसेटांचे हूक सुकाणूपासून दूर, म्हणजे केबल चाकात अडकणार नाही. मामांनी ती वाचली आणि हूक किती उंचीवर मारायचे त्याचं माप सांगायला सुरुवात केली.